अंगठा आईचा, मग पैसे काढले कुणी?

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक ताई, वय ३८, युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जातात. आई ६७ वर्षांची, जवळजवळ चाळीस वर्षं विड्या वळल्या, आता महिन्याला हजार-बाराशे पेन्शन येते ती झिरो बॅलन्सच्या जनधन खात्यात. भावाचा मुलगा, वय १९, कॉलेजसाठी यांच्याकडंच राहतो आणि दर महिन्याला आजीला गल्लीतल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावायला तोच नेतो. गेल्या आठवड्यात पासबुक भरून आणलं तर एकाच तारखेला तीन वेळा पैसे गेलेले, दहा हजार, दहा हजार आणि साडेचार हजार. त्या दिवशी मी घराबाहेरच पडले नव्हते असं आई म्हणते. मेसेज कुणालाच आला नाही कारण खात्याला वडिलांचा नंबर आहे, वडील वारले, सिम बंद पडलं. पासबुक भरलं तेव्हा पैसे जाऊन १९ दिवस झालेले. ब्रांचमध्ये उत्तर मिळालं, "अंगठा लागल्याशिवाय पैसे निघत नाहीत, घरातच बघा कोण आहे ते, आणि आता सात दिवस होऊन गेलेत, एफआयआर आणा मग बघू." त्यात भाच्यानं परवाच नवीन फोन घेतलाय, पार्ट टाइम कामाचे पैसे म्हणतो. "ताई, भाच्याला विचारलं तर भाऊ कायमचा तुटेल, नाही विचारलं तर मला झोप लागत नाही. विचारू का? की गेले पैसे म्हणून सोडून देऊ?"

आधी ते "घरातच बघा" घेऊ. मी २६ वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला काढली, आणि खोटं कशाला सांगू, हे वाक्य मी पण कधीतरी कुणाला तरी ऐकवलेलं आहे. लायनीत पंधरा माणसं, सर्व्हर स्लो, समोर एक बाई रडतायत आणि आपल्या स्क्रीनवर दिसते एकच ओळ, तारीख, रक्कम आणि पुढं एईपीएस, म्हणजे आधारनं काढलेले पैसे, असं काहीतरी. पैसे कुठल्या गावातून निघाले, कुणाच्या मशीनवरून, किती वाजून किती मिनिटांनी, हे सगळं निघतं पण ते वरून मागवावं लागतं, त्यासाठी एक अर्ज लिहून घ्यावा लागतो, तो पुढं ढकलावा लागतो, त्याचा पाठपुरावा करावा लागतो. त्यापेक्षा "घरातच बघा" सोपं पडतं. म्हणजे ताई, ते काही तपास करून सांगितलेलं नव्हतं, तपास करावा लागू नये म्हणून सांगितलेलं होतं, आणि तुम्ही मात्र ते तसंच उचलून घरी आणलंत आणि पोराच्या फोनकडं बघायला लागलात.

आता अंगठ्याचं बघू. खात्याला आधार जोडलेलं असलं की देशातल्या कुठल्याही केंद्रावर, मग ते केंद्र दुसऱ्याच बँकेचं का असेना, बँकेचं नाव सांगायचं, आधार नंबर द्यायचा, बोट ठेवायचं, पैसे हातात. कार्ड नाही, पिन नाही, ओटीपी नाही. म्हाताऱ्या माणसांना हे फार सोयीचं आहे यात वाद नाही. एका वेळी दहा हजारांच्या वर निघत नाहीत, म्हणून तुमचा दहा, दहा आणि साडेचार हा आकडा वाचला तेव्हाच माझ्या मनात आलं की हे खातं पुसून नेलंय, दोनदा लिमिटइतके आणि शेवटी जे उरलं ते. घरातलं पोर पैसे उचलतं तेव्हा बहुतेक वेळा पाचशे उचलतं, हजार उचलतं, कुणाच्या लक्षात येतं का बघतं आणि मग परत उचलतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, नियम नाही.

आणि एक साधी गोष्ट. पोरगं आजीचं एटीएम कार्ड खिशात घालून जाऊ शकतं, पिन त्याला माहीतच असतो, फोनवरचा ओटीपी पण बघू शकतं. अंगठा काही उशाखालून काढून नेता येत नाही. त्याला आजीला सोबत न्यावं लागेल, तीन वेळा बोट ठेवायला लावावं लागेल, आणि ती तर त्या दिवशी बाहेर पडलीच नव्हती असं तुम्हीच लिहिलंय. मग तुमचा संशय नेमका कशावर उभा आहे? नवीन फोनवर, बाकी कशावर नाही. तो फोन पैसे गेल्याचं कळायच्या आधी घेतला असता तर तुम्ही पेढा मागितला असता की त्याच्याकडं.

विचारायचंच असेल तर आईला विचारा, आणि "पैसे कुणी काढले" असं विचारू नका, घाबरून ती काहीतरी भलतंच कबूल करेल. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठं कुठं बोट लावलंस एवढंच विचारा. रेशन दुकान आलंच. पेन्शनवाल्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बोट लावावं लागतं. नवीन सिम घ्यायला, केवायसीला, गल्लीत कुणी योजनेचं शिबिर लावलं होतं का तिथं. आणि गावाकडं एखाद्या दस्तावर अंगठा दिलाय का, हक्कसोड पत्र वगैरे. हे शेवटचं अशासाठी विचारतेय की जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून त्याचे सिलिकॉनचे ठसे बनवायचे आणि त्यावर पैसे काढायचे अशा टोळ्या हरियाणात, तेलंगणात, कर्नाटकात पोलिसांनी पकडलेल्या आहेत. तुमच्या बाबतीत तसंच झालं असं मी म्हणत नाही. त्याहून साधा प्रकार पण असतो, केंद्रवाला म्हणतो "मावशी ठसा उठला नाही, परत ठेवा", पहिल्या ठशावर पैसे निघालेले असतात आणि दुसऱ्यावर परत निघतात, मावशीच्या हातात मात्र एकदाचेच.

विडी वळणाऱ्या बायांच्या बोटांचं तुम्हाला मी काय सांगावं. माझ्या घराजवळच्या रेशन दुकानात एक मावशी येतात, त्या आधी बोट पदराला पुसतात, मग त्यावर हाऽ करून वाफ सोडतात, ठेवतात, मशीन लाल, मग दुसरं बोट, लाल, मग डावा हात, दुकानदार म्हणतो जरा दाबा की ओ, आणि पाचव्या खेपेला कुठंतरी हिरवं लागतं. चाळीस वर्षं तंबाखू, पानं, कात्री आणि दोरा, रेघा राहतायत कुठं. तुमच्या आईचा अंगठा दर महिन्याला कितव्या खेपेला लागतो? जर तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या आत कधीच लागत नसेल आणि त्या दिवशी मात्र काही मिनिटांत तीन वेळा सटासट लागला असेल, तर एवढा चांगला ठसा कुणाचा होता हा प्रश्न बँकेलाच विचारायला पाहिजे. म्हणून अर्जात नुसते झालेले व्यवहार मागू नका, त्या दिवशी फेल गेलेले प्रयत्न पण मागा, आणि तिन्हीची वेळ मागा.

आता ते सात दिवस. हा आकडा ब्रांचवाल्यांनी हवेतून काढलेला नाही, पण अर्धाच सांगितला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तेच लागू केलं. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि काउंटरवर त्यांची नेहमी खिचडी होते. चूक किंवा फसवणूक बँकेच्या बाजूची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग तुम्ही कधी कळवलं, कळवलं की नाही, याला अर्थच नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधेच कुठंतरी सिस्टीममध्ये झाली, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत सांगितलं तर शून्य, चार ते सात दिवसांत सांगितलं तर तुमच्या आईसारख्या झिरो बॅलन्स खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा फटका आणि साध्या सेव्हिंगला १०,००० चा, आणि सातच्या पुढं गेलं तर बँकेच्या बोर्डानं जी पॉलिसी ठरवलीय त्याप्रमाणं. आणि चूक ग्राहकाची असेल, म्हणजे ओटीपी सांगितला, पिन दिला, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं.

म्हणजे सात दिवस होऊन गेले तरी "काही होत नाही" असं कुठंच लिहिलेलं नाही, बोर्डाची पॉलिसी दाखवा म्हणायचं. आणि मोजायचं कसं, तर आईच्या ब्रांचचे कामाचे दिवस, रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार सोडून, आणि ज्या दिवशी कळलं तो दिवस पण सोडून. आता कळलं कधी, इथं मात्र तुमची बाजू थोडी लंगडी आहे हे सांगितलंच पाहिजे. बँक म्हणणार आम्ही मेसेज पाठवला होता, नंबर बदलायचं काम तुमचं होतं, आणि त्यात तथ्य आहे. तुम्ही म्हणायचं की बंद सिमवर पाठवलेला मेसेज पोचलाच नाही, आम्हाला कळलं ते पासबुक भरलं त्या दिवशी. ही रस्सीखेच तुमच्याच बाजूनं सुटेल असं मी लिहून देणार नाही.

पण तुमचा खरा मुद्दा तो नाहीच, तुमचा मुद्दा त्या तिन्हीतला पहिला आहे, चूक बँकेच्या बाजूची. केंद्र चालवणारा माणूस हा कुठल्या तरी बँकेनं नेमलेला असतो, त्यानं केलेल्या उद्योगाची जबाबदारी नेमणाऱ्या बँकेवर आहे हे रिझर्व्ह बँकेनं फार आधीपासून सांगितलंय, आणि जून २०२५ मध्ये तर या ऑपरेटर लोकांची नीट केवायसी आणि पडताळणी करा, व्यवहारांवर लक्ष ठेवा असा वेगळा आदेश काढला, तो १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. ऑपरेटरनं लबाडी केली असं दिसलं तर दिवस मोजायची वेळ येऊ नये. आणि त्याच २०१७ च्या परिपत्रकात अजून एक ओळ आहे जी मला स्वतःला नोकरीत असताना फार उशिरा नीट समजली, ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. तुमचं नाही. आईनं अंगठा लावला नाही हे तुम्ही सिद्ध करत बसायचं नाही, तिनंच लावला हे त्यांनी दाखवायचं.

कोर्टात पण हे टिकतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं आसाममधल्या एका स्टेट बँकेच्या ग्राहकाचं प्रकरण होतं, त्याचे ९४ हजारांवर रुपये गेले होते, त्यानं २४ तासांत कळवलं होतं, आणि कोर्टानं बँकेनं पैसे द्यायचे हाच खालचा निकाल कायम ठेवला. त्याच वेळी कोर्टानं ग्राहकांना पण सांगितलं की ओटीपी कुणाला देऊ नका, तो भाग लोक फॉरवर्ड करताना गाळतात.

आता अर्ज. तुम्हाला मी हे मेलवर आधीच कळवलंय, बाकीच्यांसाठी परत लिहिते. तोंडी सांगितलेलं बँकेत हवेत जातं. साध्या कागदावर, आईच्या नावानं, आईच्या सहीनं किंवा अंगठ्यानं (हो, परत अंगठाच), वर विषय लिहायचा "आधार व्यवहारातून अनधिकृतपणे गेलेली रक्कम परत मिळणेबाबत". अनधिकृत हा शब्द पाहिजेच. याचं कारण असं की ब्रांचमध्ये तक्रार सिस्टीमला टाकताना घाईत "व्यवहार झाला पण कॅश मिळाली नाही" या प्रकारात टाकली जाते, कारण तो प्रकार रोजचा आहे. मग ती तक्रार दुसऱ्या बँकेकडं जाते, ते बघतात, व्यवहार तर व्यवस्थित झालेला आहे, उत्तर येतं "सक्सेसफुल", आणि तुमची तक्रार बंद. पेपर बरोबर पण पेटी चुकली असं ते. अशा बंद झालेल्या तक्रारी मी ढिगानं बघितल्यात. त्यामुळं तक्रार नंबर मिळाला की कुठल्या प्रकारात टाकली तेवढं समोरच विचारून घ्या, लाजू नका.

अर्जात तिन्ही व्यवहारांचा बारा आकडी रेफरन्स नंबर मागा, मशीनचा टर्मिनल नंबर, ते केंद्र कुठल्या बँकेचं आणि कुठल्या गावात, वेळ, आणि मघाशी म्हणलं तसे फेल गेलेले प्रयत्न. आधी ब्रांचला गेला होतात ती तारीख, साधारण वेळ आणि कुणाशी बोललात तेही लिहा. आणि २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करा अशी ओळ टाका. काही बँका ती रक्कम होल्डवर ठेवतात, निकाल लागेपर्यंत काढू देत नाहीत, त्याला घाबरू नका. निकाल ९० दिवसांत लावायचा असतो, लावला नाही तर नियमाप्रमाणं पैसे द्यावे लागतात. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का, सही, तारीख. पोच मिळाल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही, जेवणाची सुट्टी झाली तरी बाकावर बसून राहायचं.

एफआयआर आणा मग बघू, हे पण तसंच. तक्रार नोंदवून घ्यायला आधी एफआयआर पाहिजेच असं त्या परिपत्रकात कुठं नाही. पण पोलिसात जायचंच नाही असं नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, तिथला नंबर मिळेल तो बँकेच्या अर्जाला जोडा, आणि शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात एक प्रत द्या. एवढ्या दिवसांनी पैसे वाटेत गोठवता येतील अशी आशा नको, ते पहिल्या काही तासांतलं काम असतं, आणि इथं तर रोखच काढलीय. पण मशीन कुणाचं होतं हे शोधायला पोलीसच लागतील.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलं आणि पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशाला एकच खिडकी आहे, ऑनलाइन पोर्टल आहे नाहीतर चंदीगडच्या केंद्राला पोस्टानं पाठवायचं, मराठीत लिहिलेलं चालतं, फी नाही आणि वकील तर लागतच नाही. काही विचारायचं असेल तर १४४४८. लोक इथं चूक करतात ती म्हणजे बँकेला लेखी न देता थेट लोकपालाकडं जातात, आणि तक्रार दारातूनच परत येते. परत ती पोच.

अजून एक काम, हे भाच्याकडून करून घ्या कारण तुम्हाला आणि मला यात अर्धा दिवस जाईल. आधारच्या साइटवर गेल्या सहा महिन्यांत कुठं कुठं बोट लागलं याची हिस्टरी दिसते, त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर पाहिजे. तिथं पण वडिलांचाच असेल तर आईला घेऊन आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. तो झाला की बायोमेट्रिक लॉक टाका, म्हणजे बोट कुठं चालणारच नाही. फक्त लक्षात ठेवा, लॉक असताना रेशनला पण अंगठा लागणार नाही, तेवढ्यापुरतं उघडावं लागतं, नाहीतर महिनाअखेर रेशनच्या लायनीत आई आणि दुकानदार दोघंही वैतागतील. रोजचं ते उघड-झाप जमणार नसेल तर बँकेला लेखी द्या की खात्यावरची आधारनं पैसे काढायची सोय बंद करा, आणि पेन्शन काढायला ब्रांचला जा. लांब पडतं हे मला माहीत आहे.

तुमच्या पत्राबरोबर याच आठवड्यात अजून दोन पत्रं आलीत म्हणून थोडं त्यांच्यासाठी. जुळे सोलापूरच्या ज्या काकांनी कस्टमर केअर समजून पिन सांगितला, काका, तुमचं प्रकरण वरच्या तिसऱ्या प्रकारात जातं, कळवेपर्यंत गेलेले परत मिळणं अवघड आहे, पण कळवल्यानंतर जे गेले ते बँकेकडून मागाच, म्हणून फोनची आणि मेलची वेळ जपून ठेवा. आणि ज्या ताईंचे दर महिन्याला ४९९ जातायत, ते कुणी चोरलेले नाहीत हो, तुम्ही कधीतरी एका ॲपला ऑटो पे दिलंय, ते यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन बंद करा, त्याला फ्रॉड म्हणून अर्ज दिलात तर तुमचेच दोन महिने जातील.

आता परत तुमच्याकडं. सोडून देऊ का असं विचारलंत. साडेचोवीस हजार म्हणजे आईची जवळजवळ दोन वर्षांची पेन्शन, मी तरी सोडणार नाही. आणि भाच्याला विचारू का, तर आत्ता नको. बँकेकडून टर्मिनलचं गाव येऊ दे. ते गाव चारशे किलोमीटर लांबचं निघालं तर तुम्ही विचारलं नव्हतं याचा तुम्हाला किती आनंद होईल बघा, कारण एकदा विचारलेलं परत घेता येत नाही, आणि एकोणीस वर्षांचं पोरगं असलं काही विसरत नाही. गल्लीतलंच केंद्र निघालं तर आधी त्या केंद्रवाल्याकडचं रजिस्टर बघायचं, त्याच्याकडं जाताना भाच्यालाही न्यायचं, आणि तेव्हा जर त्याच्या तोंडावर काही दिसलं तर भावाला फोन लावायच्या आधी मला लिहा. खरंच त्याचं काही निघालं तर तो घरातला विषय होईल, तो आपण घरातल्यासारखा सोडवू.

तोपर्यंत हा अर्ज भाच्यालाच लिहायला बसवा. आजीनं सांगायचं, त्यानं लिहायचं. एक तर त्याचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं असेल, आणि दुसरं, आजीचा अंगठा कितव्या खेपेला लागतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, दर महिन्याला तिथं शेजारी उभा तोच असतो. ते वाक्य त्याच्याकडूनच लिहून घ्या. आणि बँकेत जाताना खात्याचा मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म पण त्याच दिवशी भरा, आईचं आधार आणि पासबुक दोन्हीची झेरॉक्स घेऊन जा, तिथं मशीन बंद असतं.